सगुणेचा घास

कावळा शिवेना.

परसातल्या पेरूच्या झाडाखाली पाटावर केळीचे पान मांडले होते. पानावर भात, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी आणि खीर. आणि पानाभोवती उभी असलेली तीन माणसे एकमेकांकडे पाहायचे टाळत होती. मुग्धाच्या वडिलांचे, वामनरावांचे हात जोडलेलेच होते; मुग्धा त्यांना नाना म्हणे. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता खरा, पण त्याने या घराकडे अशी पाठ केली होती, जणू आमंत्रण दुसऱ्याच कुणाला होते. अविधवा नवमीचे ऊन चढत होते. मुग्धाची आई भानुमती नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून तिचे श्राद्ध या तिथीला. आणि ती गेल्यापासून दर वर्षी हे असेच होई. कावळा येई, बसे, पाहत राही, आणि शिवत नसे. मग दुपार कलली की अनुसूयाआत्या दर्भाचा कावळा करून पानाला टेकवी आणि वामनराव खाली मान घालून आत जात. भानूच्या मनात काय राहिले असेल, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारीत नसे. म्हणूनच तो घरभर ऐकू येत असे.

त्या शांततेत भिंतीच्या खिंडारातून कुणीतरी आत आले.

बदक म्हणावे, तर ते डुलत नव्हते. ताठ उभे, मान लांब, अंग एखाद्या सुरईसारखे, रंग ओल्या वाळूचा. उशीर झालेल्या पाहुण्याने यावे तसे ते लगबगीने आले, पानाशी थांबले, भाताकडे ढुंकूनही न पाहता त्याने चोच थेट खिरीत बुडवली, आणि मान वर करून घोट घशाखाली उतरवला. मग पुन्हा एकदा.

आणि मुग्धा हसली.

हसू कसे निसटले ते तिचे तिलाच कळले नाही. आत्याने दंडाला चिमटा काढला. मुग्धाने पदर तोंडात कोंबला. कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या. आईच्या श्राद्धाला हसणारी मुलगी! त्या दिवसापासून तिच्या मनात लाज राहायला आली, ती पुढे कित्येक महिने गेली नाही.

भिंतीवरून एक डोके वर आले. ओले केस, कानाशी साबणाचा फेस.

"माफ करा... आमची सगुणा इकडे आली आहे का?"

झाशीतल्या ओरछा गेटच्या त्या बोळात, घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकू यावी याचेच नवल होते.

"आली आहे," आत्या म्हणाली. "जेवते आहे."

त्याने पान पाहिले, दर्भ पाहिला, वामनरावांचे जोडलेले हात पाहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अरे देवा..." एवढेच म्हणून तो भिंतीपलीकडे बुडाला, तो बहुधा पायाखालची वीट निसटून, कारण पाठोपाठ धपकन आवाज आला. मुग्धाने पदर आणखी आत कोंबला.

वामनराव ओरडले नाहीत. बदकाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पानाला नमस्कार केला आणि आत गेले.

रात्रीच्या जेवणाला बसताना ते इतकेच म्हणाले, "अनुताई, भानूसुद्धा आधी खीर खायची. भातात हात नंतर घालायची. आठवतं?"

आत्या वाढता वाढता थांबली. "आठवतं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडाराजवळ एका वाटीत भात ठेवलेला मुग्धाला दिसला. कुणी ठेवला हे तिने विचारले नाही. कुणी सांगितलेही नाही. आत्याने मात्र त्या वाटीला नाव दिले—सगुणेचा घास.

*

शेजारचे घर भाड्याने घेणारा तो जयदीप इंगळे, मूळचा साताऱ्याकडचा, शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात चाचणी विभागात इंजिनिअर. कारखान्याच्या वसाहतीत त्याला तिसऱ्या मजल्यावरचे घर मिळत होते. पण तिसऱ्या मजल्यावर बदके कशी पाळणार? म्हणून परसबाग असलेले हे जुने घर, रोजची कारखान्याच्या बसची धावपळ, आणि जेवायला बडा बाजारातली खाणावळ.

हसल्याबद्दल माफी मागायची, असे ठरवून मुग्धा खिंडाराशी गेली. गुलाबी ओढणी तिने दोनदा बदलून पाहिली होती. माफीला ओढणीचा रंग लागत नाही, हे तिला ठाऊक होते.

"मी त्या दिवशी हसले... ते बरोबर नव्हतं. आपल्याला वाटलं असेल, कशी मुलगी आहे."

"तुम्ही हसलात म्हणून तर मी डोकं वर काढायची हिंमत केली," तो म्हणाला. "नाहीतर सगुणेला तिथेच तुमच्या पितरांच्या स्वाधीन करून मी गाव सोडणार होतो."

तिला उत्तर सुचले हिंदीत. ते मराठीत वळवीपर्यंत वेळ निघून गेली. घरात तिची मराठी चाले. पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसासमोर ती बोलताना तिला आपण आजीचा शालू नेसून बाजारात आल्यासारखे वाटे—शालू खरा, पण नेसण्याची रीत कुणी हसेल की काय अशी.

"मला मराठी समजते सगळी," ती म्हणाली, "पण बोलताना मध्येच अटकते."

"अटकता तेव्हा छान दिसता."

"हे आमच्या विमा कचेरीत कुणी म्हणालं असतं, तर मी तक्रार केली असती."

"आणि परसात?"

"परसात... बदकं काय म्हणतात ते सांगा."

बागेत पाच बदके रांगेने चालली होती, जणू दरबाराला निघालेली. भोपळ्याच्या वेलाखाली एक थांबले की मागची चारही थांबत.

"ही अशी उभी का चालतात?"

"जातच तशी. इंडियन रनर. पोहण्यापेक्षा चालण्याची हौस. दिवसभर बागेतल्या गोगलगायी टिपतात."

"इंडियन? मतलब इथलीच?"

"नाव तेवढं इथलं. पूर्वज जावा बेटाकडचे. नाव हिंदुस्थानी, मूळ समुद्रापलीकडचं, मुक्काम झाशी."

"मग आमच्याच घराण्यातली निघाली," मुग्धा म्हणाली. "नाव मराठी, पूर्वज नर्मदेपलीकडचे, आणि भांडायचं झालं तर बुंदेली."

तो मनापासून हसला. त्याला हसताना डोळे मिटायची सवय होती, आणि त्यामुळे त्याच्याकडे पाहून घ्यायला तिला हवा तेवढा अवसर मिळाला.

"आणि हा हिरव्या डोक्याचा?"

"हा नर. नरांचा आवाज बसलेला असतो, कुजबुजल्यासारखा. गोंगाट सगळा माद्यांचा."

"असं?"

"बदकांचं सांगतो आहे! याचं नाव दिवाणजी."

"नानांसमोर हे नाव घेऊ नका हं. आमच्या खापरपणजोबांना सगळं गाव दिवाणजी म्हणायचं."

"बाप रे. मग बदलतो."

मुग्धाने त्या पक्ष्याकडे निरखून पाहिले. मान वर, पोट पुढे, चालीत कामाचा आव, आणि काम काहीच नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "चाल तीच आहे."

*

वामनरावांनी खिंडार बुजवू दिले नाही. रोज सकाळी स्नानानंतर ते वाटी घेऊन तिथे उभे राहत; सगुणा येई, भात टिपे, आणि जाताना एकदा मान तिरकी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाही. वामनराव तिच्याशी बोलत नसत. पण पूर्वी देवघरात ताटकळणारी त्यांची सकाळ आता अंगणात उतरली होती. दिवाळीत त्यांनी जयदीपला फराळाला बोलावले.

"अंडी घालतात ना तुमची बदकं?" आत्याने चकली पुढे करीत विचारले. "त्याचं काय करता?"

"काही मित्रांना देतो," जयदीप चाचरला, "आणि काही... खातो, आत्या."

या घरात अंडी शिजत नसत. आत्याने नानांकडे पाहिले. नानांनी अनारसा मोडला.

"खरं बोलतो मुलगा," ते म्हणाले. "अनुताई, त्याला आणखी एक अनारसा वाढ."

खरं बोलणाऱ्या माणसाला आपल्या घरात काय मान आहे, हे मुग्धाने त्या दिवशी पाहिले. पाहिलेले विसरता आले असते, तर पुढचे सारे सोपे झाले असते.

मार्गशीर्षात एके दुपारी अवेळी पाऊस आला. नाना त्याला महावट म्हणत, जयदीप मावठ म्हणे. बदके आनंदाने वेडी झाली. त्यांच्या पिसांवरून थेंब मोत्यांसारखे घरंगळत होते आणि अंग मात्र कोरडेच. तो आणि ती त्याच्या ओसरीच्या कडेला, एकाच गोणपाटाखाली. दोघांच्या खांद्यांत एवढेच अंतर होते की ते आहे, असे म्हणता यावे.

"धरून बघ सगुणेला," तो म्हणाला. त्याच्याकडून 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, ते दोघांनीही बोलून दाखवले नव्हते. "पाय धरायचे नाहीत, पाय नाजूक असतात. पंख मिटवायचे, एक हात पोटाखाली..."

तिने हात पुढे केला. सगुणा अशी काही सटकली की मुग्धा चिखलात गुडघ्यांवर बसली.

"वा! आणि ही म्हणे इलाइट चौराह्यावर बसून विमा विकते. तिथे तरी माणसं हाती लागतात का?"

"माणसं स्वतःच येतात. हात जोडून."

"मीही जोडू?"

चिखलाचा हात तिने त्याच्या नाकाला पुसला आणि आपण काय केले हे कळताच पाठ फिरवली. पाऊस गोणपाटावर टपटपत राहिला. मग तो अगदी हळू, नर बदकाच्या आवाजात म्हणाला, "मुग्धा... मला नानांशी बोलायचं आहे. पौषात असल्या गोष्टी काढत नाहीत म्हणतात. पौष संपला की येईन."

तिने होकार दिला नाही, नकार दिला नाही. मान हलवली, एवढेच. पण त्या एका हालचालीने तिच्या आतला सारा हिवाळा कोवळा होऊन गेला.

*

त्या दिवसापासून मुग्धाने एक चोरी आरंभली.

दिवेलागणीला जयदीप बदकांना खुराड्यात कोंडून कडी लावी आणि बडा बाजारात जेवायला जाई. तो वळणाआड गेला की मुग्धा खिंडारातून पलीकडे उतरे, कडी काढी, आणि सगुणेला धरायला शिके. एक दिवस त्याच्यासमोर सहज, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने, बदक उचलून उराशी धरायचे. मग पाहू काय बोलतो! पहिल्या दिवशी तिला चोच बसली. नंतर पंखांचा फटकारा. मग हळूहळू सगुणेला तिच्या हातांची ओळख पटली. पिसांच्या आतली ऊब तळव्यांना लागली, त्या उबेत धडधडणारे ते इवले काळीज लागले, आणि मुग्धाला वाटे, आपण ज्याला भेटायला येतो तो इथे नाही, म्हणूनच तर आपण इतक्या मोकळेपणाने येतो.

पौषातली एक धुक्याची संध्याकाळ. सगुणा तिच्या कवेत शांत बसली होती, मान तिच्या कोपरात टाकून. आज पहिल्यांदाच.

"मुग्धे! अगं मुग्धे, कुठे आहेस?" गच्चीवरून आत्याची हाक आली.

मुग्धाच्या अंगावर काटा आला. तिन्हीसांजेला परक्या पुरुषाच्या परसात! तिने सगुणेला आत ढकलले, दार ओढले, आणि धुक्यातून खिंडार गाठले. आत्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या ओढणीला एक पीस चिकटले होते, ते तिने मुठीत दडपले आणि सांगितले, "न्हाणीघरात होते."

कडी लावल्याचा आवाज आपण ऐकला का, हा प्रश्न तिला अंथरुणात पडल्यावर पडला. मग वाटले, लावलीच असेल. हाताला सवय असते.

सकाळी जयदीपच्या हाकेने घर जागे झाले.

खुराड्याचे दार अर्धे उघडे होते. धुक्यात भिजलेली ओल्या वाळूच्या रंगाची पिसे भोपळ्याच्या वाळक्या वेलापर्यंत विखुरली होती. चार बदके कोपऱ्यात एकमेकांत माना खुपसून उभी होती. आत्या खिंडारातून वाकून म्हणाली, "मुंगसाचं काम."

"मीच," जयदीप म्हणाला. तो जमिनीवर बसला होता. "मीच कडी लावली नसणार. लावल्याचं आठवतं आहे मला... पण रोजच लावतो ना, कालचंच आठवतं आहे की परवाचं, कसं सांगू?"

मुग्धाने ओठ उघडले.

शेजारी नाना उभे होते. हातात भाताची वाटी.

आता. आताच. एवढे एक वाक्य. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरे होते, की मी तिथे होते. आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरे, की मी रोज जात होते. आणि तिसऱ्याच्या पोटात जे होते ते तर तिने स्वतःशीही मोठ्याने उच्चारले नव्हते. तिने ओठ मिटले.

वामनरावांनी वाटीतला भात तुळशीच्या आळ्यात ओतला. "ज्याच्या हाती जीव सोपवायचा," ते जयदीपकडे न पाहता म्हणाले, "त्याला एक कडी लावता येऊ नये?"

दुपारी त्यांनी स्वतः विटा रचून खिंडार बुजवले.

*

लाजेचा एक विचित्र गुण आहे: ती पहिल्या दिवशी सर्वांत लहान असते, आणि आपण तिला ती मोठी आहे म्हणून लपवतो. मग ती लपण्याच्या जागी वाढत जाते. मुग्धाने ठरवले, उद्या सांगू. उद्या सांगायचे तर काल का नाही सांगितले, हेही सांगावे लागणार होते. परवा सांगायचे तर दोन दिवसांचे. ती रोज गच्चीवर वाळवण आणायला जाई आणि कठड्याआडून पाही: जयदीप सकाळी घराला कुलूप लावतो, बोळाच्या टोकापर्यंत जातो, थांबतो, परत येतो, कुलूप ओढून पाहतो. पुन्हा जातो. पुन्हा येतो. कारखान्याची बस एकदा त्याला टाकून गेलेली तिने पाहिली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून आपल्या हातांकडे पाहत होता. आणि ती वाळलेल्या मिरच्या गोळा करीत होती!

पौष संपला. तो आला नाही.

माघातल्या एका संध्याकाळी ती कचेरीतून निघाली, तेव्हा इलाइट चौराह्यावरच्या चहाच्या टपरीशी तो उभा होता. हॉर्नच्या गदारोळात त्याने तिच्यापुढे चहाचा मातीचा कुल्हड धरला.

"मी येणार म्हणालो होतो," तो म्हणाला. "येत नाही आहे. तुला सांगून टाकावं म्हटलं. वाट पाहायला लावणं बरं नव्हे."

"का?" आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"नाना म्हणाले ते खरं आहे."

"नाना रागात बोलले. एका... एका बदकावरून माणूस कधी—"

"बदकावरून नाही. मुग्धा, मी चाचणी विभागात आहे. मी सही केली की यंत्र सुरू होतं, आणि जवळ माणसं उभी असतात. आता सही करायच्या आधी मी परत परत जाऊन बघतो. तरी खात्री होत नाही. साहेबांना सांगितलं, मला तिथून काढा." तो हसायचा प्रयत्न करीत होता, डोळे मात्र उघडेच होते. "ज्याला स्वतःच्या हातांचा भरवसा नाही, त्याने तुझा हात कोणत्या तोंडाने मागायचा? रविवारी बदकंही देऊन टाकतो आहे. बरुआसागरला एकांचं तळं आहे, मोठी बाग आहे. तिथे सुखात राहतील."

चहा तिच्या बोटांना चटका देत होता. तिने कुल्हड खाली ठेवला नाही. "जयदीपजी, ऐका..." ती म्हणाली.

"बोल."

समोरून कचेरीतल्या दोघीजणी हसत हसत येत होत्या. त्यांनी हात हलवला. मुग्धाने हात हलवला. तेवढ्यात तो निघून गेला होता की तिनेच त्याला जाऊ दिले होते, हे त्या रात्री तिने स्वतःला कितीदा विचारले. आणि उत्तर ठाऊक असल्यामुळे झोप लागली नाही.

*

रविवारी सकाळी धुके विरून मऊ ऊन पडले होते. ओट्यावर वामनराव ऊन खात बसले होते आणि आत्या मटार सोलीत होती. बोळात टेंपो शिरत नसल्याने तो टोकाशी, रस्त्यावर उभा होता. जयदीप हातात लांब काठी घेऊन आपल्या दारातून बाहेर आला. पुढे दिवाणजी, मागे तीन माद्या, रांगेने, माना वर करून. काठी तो मारीत नव्हता, फक्त बाजूला धरीत होता. रांग आपोआप वळत होती.

ओट्यापाशी तो थांबला.

"नाना, येतो. बदकं पोचवून आलो की मीही घर सोडीन म्हणतो. वसाहतीत जागा आहे." त्याने खाली वाकून ओट्याच्या पायरीला हात लावला, पायांना लावायचे धाडस झाले नसावे. "तुमच्या सगुणेला मी सांभाळू शकलो नाही. त्याबद्दल..."

वामनरावांनी मान दुसरीकडे वळवली.

मुग्धा उंबऱ्यात उभी होती. त्या वळलेल्या मानेकडे तिने पाहिले. आणि आजवर जिचे ओझे तिने आपल्यापुरते मानले होते, ती लाज दुसऱ्याच एका माणसाच्या पाठीवर वाकून बसलेली तिला दिसली.

"कडी मी उघडी टाकली," ती म्हणाली.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय म्हणालीस?" वामनरावांनी विचारले.

"यांनी लावली होती. रोज लावायचे. मी... मी यांच्या पाठीमागे जायची तिथे. तिन्हीसांजेला. खुराडं उघडायची. त्या दिवशी आत्याने हाक मारली आणि मी भ्याले. कुणी पाहील म्हणून पळाले. कडी राहिली." शब्द मराठीतच येत होते, एकामागून एक, कुठेही न अडता, आणि तिला वाटत होते, आज तरी अडावे. "सगुणा माझ्यामुळे गेली, नाना. यांच्यामुळे नाही."

"तिन्हीसांजेला," वामनराव पुटपुटले. "याच्या परसात. एकटी."

"हो."

"हाक मीच मारली होती रे, वामना," आत्या हलकेच म्हणाली. "दूध उतू जाईल, एवढ्यासाठी."

वामनरावांनी बहिणीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि मग जयदीपकडे पाहायची वेळ आली तेव्हा त्यांना ते जमेना. त्यांची नजर बदकांवरच राहिली. "मी याला काय काय बोललो," ते म्हणाले. "घरच्या श्राद्धाला जेवून गेलेल्या जिवाचं पातक मी परक्या मुलाच्या माथी मारलं." ते उठले. दारात मुग्धाजवळ क्षणभर थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की ठेवू नये, असा तो हात अर्ध्यावरच राहिला. मग ते आत गेले. आत्याही मटार तसेच टाकून त्यांच्यामागे गेली.

बोळात दोघे उरले. आणि चार बदके. ती ओट्याखालच्या नालीशी काहीतरी शोधीत होती.

"त्याच दिवशी का नाही बोललीस?" जयदीपने विचारले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

"लाज वाटली. आधी तिथे गेल्याची. मग न बोलल्याची. मग... मग लाजच उरली, कशाची ते कळेना."

"मी रोज सकाळी अर्ध्या वाटेवरून परत यायचो, मुग्धा. कुलूप बघायला."

"माहीत आहे."

"कसं?"

"गच्चीवरून पाहायची." हेही सांगायलाच हवे होते. "रोज पाहायची."

काठी त्याने या हातातून त्या हातात घेतली. आपल्या तळव्यांकडे त्याने एकदा पाहिले, उलटेसुलटे, जणू कुणाकडे उसने गेलेले काहीतरी परत मिळाले होते आणि ते आपलेच की काय याची खात्री करून घ्यायची होती.

"तू तिथे यायचीस कशाला?"

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. आता लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते; आणि तरीही हे सांगताना जेवढी लाज वाटली तेवढी आधीच्या कशातही वाटली नव्हती. "सगुणेला धरायला शिकत होते. पाय न धरता. पंख मिटवून, एक हात पोटाखाली... तुम्ही हसला होतात ना. एक दिवस तुम्हाला दाखवायचं होतं." ती थांबली. "त्या संध्याकाळी आली होती ती माझ्या हातात. शांत बसली होती."

त्याचे डोळे मिटले. पण तो हसत नव्हता.

बोळाच्या टोकाकडून टेंपोवाला ओरडला, "अरे भैया, चलनें है कै नईं? धूप चढ़ रई!"

मुग्धा पायरी उतरून खाली आली. दारोदारच्या खिडक्या उघड्या होत्या. कुणी ऐकत असेल, तर ऐकू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचे काही वाटले नाही.

"आता तरी... नानांशी बोलाल?" तिने विचारले. "की मला माफ करणं व्हायचं नाही? जे असेल ते सांगा. मी सगळं सांगितलं, आता तुम्ही सांगा."

जयदीपने तिच्याकडे पाहिले. इतका वेळ पाहिले, की दिवाणजीनेही नालीतून मान वर काढली. त्याचे ओठ हलले, मग मिटले. ओठ उघडून मिटणे म्हणजे काय, हे तिच्याइतके त्या बोळात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

मग त्याने काठी उचलली आणि रस्त्याच्या बाजूने आडवी धरली. दिवाणजी थबकला, जागच्या जागी वळला, आणि आल्या वाटेने परत निघाला. मागच्या तिघीही वळल्या.

"भैया!" टेंपोवाला पुन्हा ओरडला.

जयदीपने त्याला हातानेच परत जायला खुणावले. मागे वळून न पाहता, बदकांच्या चालीने, हळूहळू, तो आपल्या दाराकडे चालत राहिला.